दादासाहेबांची मिशी

कपड्यावरची छपाई उतरवण्यात आयटी पार्कशेजारच्या माण गावातल्या रत्नाबाईंचा हात धरणारं कोणी नाही. त्यांच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी आयटीतली पोरं खोली सोडताना कंपनीचे टी-शर्ट टाकून जातात. "दुसऱ्याचं नाव छातीवर घेऊन शेतात कशाला जायचं?" म्हणत बाई शर्ट उलटा करतात, छपाईखाली वर्तमानपत्र घालतात आणि पाठीमागून इस्त्री दाबतात. रबरी छपाई मऊ पडली की गरम असतानाच कडेला नख घालून सोलायची. उरलेला चिकटा नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं पुसायचा. विद्या एवढीच, पण घाई करणाऱ्याला ती वश होत नाही.

एका पेटीला मात्र बाईंनी हात लावला नव्हता. आठ महिन्यांपूर्वी त्यांचे मालक दादासाहेब ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि सपाटून आपटले. प्रचाराचे निळे टी-शर्ट तेवढे त्या पेटीत उरले. प्रत्येकावर दादासाहेबांचा झुपकेदार मिशीचा चेहरा, खाली 'आपला माणूस'. हरल्यापासून हा आपला माणूस घराबाहेर पडेना. पारावरचं बसणं सुटलं, बोलणं आटलं. पराभवाचं रत्नाबाईंना काही नव्हतं, पण त्यांचं हे गप्प बसणं बाईंना आतून खात होतं.

अशात नात गौतमी रडकुंडीला येऊन म्हणाली, "आज्जी, परवा पौडला आमची कबड्डी हाय. समद्यांचे शर्ट एकसारखे नसतील तर खेळू देणार न्हाईत. आन् शर्टावर फोटोबी चालत न्हाई."

बाईंनी पेटी उघडली. नवऱ्याला विचारायची छाती मात्र झाली नाही. दुपारी ते झोपलेले बघून त्यांनी इस्त्री तापवली, आणि जगाला सबुरी शिकवणाऱ्या बाई स्वतःच घाईला आल्या. पहिलाच शर्ट उलटा करायचा राहिला. मिशी इस्त्रीला चिकटली, जळका वास घरभर सुटला.

दारात दादासाहेब उभे. "काय चाललंय?"

बाईंनी इस्त्री बाजूला ओढली. "पोरींना शर्ट पायजेत. तुमचं तोंड काढतीया."

दादासाहेबांनी इस्त्रीला चिकटलेली मिशी बघितली. मग खाली मांडी घालून म्हणाले, "सरक. कानापासनं धर. नाकापासनं वढलं की तुटतंय."

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून बारा शर्ट सोलले. अकरा कोरे निघाले. पहिल्यावरची अर्धी जळकी मिशी काही केल्या हलेना. "ह्यो मी घालते, निसती मिशी म्हंजी काय फोटो न्हवं," गौतमी म्हणाली, "आन् आबा, तुमी यायचं."

नातीला नाही कसं म्हणणार? पौडच्या मैदानावर दादासाहेब मागच्या रांगेत अंग चोरून बसले. गौतमी चढाईत दोन गडी मारून परतली, तसं गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरं, ही मिशी वळखीची दिसतीया!" हशा पिकला. रत्नाबाईंनी झटकन दादासाहेबांकडे बघितलं.

दादासाहेब उठले. मिशीवर हात फिरवत गरजले, "वळखीची हाय, तर मत कुटं टाकलंस रं?"

सगळी माणसं पोट धरून हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते दादासाहेबच. बाईंचे डोळे भरून आले. पोरी तीन गुणांनी हरल्या. गौतमी थोडी रडली, मग गरम भजी खाऊन गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादासाहेबांनी चपला पायात सरकवल्या. "पारावर जाऊन येतो."

गॅसवर चहा उकळत होता. बाईंनी त्यांना थांबवलं नाही.