सदरा घालणारी खार

लेक मोबाईलवर खारींचं जुनं कार्टून बघत होती, आणि मला पुणतांब्याची एक दुपार आठवली. पेरणीसाठी राखलेल्या भुईमुगाच्या शेंगा गच्चीवरून रोज कमी होत होत्या. आई संशयाने आम्हा भावंडांची तोंडं हुंगायची. त्या दुपारी टीव्हीवर कार्टूनमधल्या दोन खारी कुणाचं तरी धान्य पळवू लागल्या.

"बघ, खारीच हायेत! पोरांवर उगं संशय घेती," वडील खो खो हसले. डोळे पुसायला त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, तशी त्याबरोबर टरफलं सांडली.

"ही खार सदरा घालती व्हय?" आई म्हणाली.

वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई अजूनही मूठभर शेंगा कठड्यावर वेगळ्या ठेवते.

"कुणाला गं?" मी संशयाने विचारतो.

"खारीला," ती म्हणते, पण माझ्याकडे बघत नाही.