नंबर सहा मागे आहे

माणूस गेला की त्याचे किस्से वाढायला लागतात, हे मी आता डोळ्यांनी बघतेय! बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटबाहेर आमचा मॉर्निंग वॉकचा ग्रुप चहाला थांबतो. एकाने सुभेदारांचं नाव काढलं की दुसऱ्याला काहीतरी आठवतंच. मग कोणी उठायचं नाव घेत नाही. दोनदा तर माझी कामवाली दाराला कुलूप बघून परत गेली!

सुभेदार सावंत मालवणकडचे. लढाई करून आलेले, वय अठ्ठ्याहत्तर, आणि चाल अशी की आमची वाट लागायची.

*

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला गेटवर रांगेत उभं केलं. "एकेकाने आपापला नंबर बोला!"

आम्ही पाच जण बोललो. मी शेवटची, नंबर पाच. मग जरा वेळ काहीच नाही. झाडांत धुकं होतं, कुठेतरी दयाळ पक्षी शीळ घालत होता. आणि सुभेदार बोलले, "सात!"

आमच्या पाटकर सरांनी जन्मभर गणित शिकवलेलं. त्यांना कुठलं राहवतंय! "अहो, सहावा कुठाय?"

"मागे आसा. येतलो," म्हणाले आणि चालायला लागले.

म्हातारा सटकलाय, असं आम्हाला वाटलं. पण परत आल्यावरही तीच मोजणी, मध्ये तेवढंच थांबणं. पुढे आम्हालाही सवय झाली.

*

पाटकर सरांना बिबट्याची भारी धास्ती. "सुभेदार, समोर आला तर काय करायचं हो?"

"तुम्ही सावकाश पुढे चाला. मी त्याचा नंबर विचारतो!"

*

मुलाने हौसेने बेडरूममध्ये एसी बसवला. सुभेदार झोपायचे गॅलरीत, खाटेवर! पाचव्या मजल्यावर, डोंगराकडे तोंड करून. त्यांची बायको, आमच्या वहिनी, वैतागायच्या. "काय सांगू गो तुका, ह्यांका छप्पर चावता!"

स्वतः वहिनी मात्र पार्कात कधी फिरकल्या नाहीत. "त्या रानात माझं काय काम?" म्हणायच्या.

*

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वॉर्डात फेऱ्या मारा. दुपारी आम्ही बघतो तर पेशंट गायब! नर्सने सगळं हॉस्पिटल पालथं घातलं. हे आपले मागच्या जांभळाखाली, हॉस्पिटलच्याच कपड्यांत, वर बघत उभे.

नर्स ओरडली, तर म्हणतात कसे, "सिस्टर, आत श्वास मोजून घ्यावा लागतो. इथे भरपूर आहे!"

*

एकदा मी आणि सुभेदार दोघंच मागे राहिलो होतो. तळ्याकाठी बसलो. पाण्यावरून धुकं सरकत होतं. मी धीर करून विचारलंच, "सहावा कोण हो?"

ते पाण्याकडे बघतच बोलले.

"भिवा. आमच्याच वाडीतलो. लढाईत एका डोंगरावरून खाली यायचं होतं, सहा जण होतो. असंच धुकं. मोजणी मी केली, बाय. सहा भरले, म्हणून निघालो. खाली आल्यावर कळलं, मी स्वतःला दोनदा मोजलं होतं."

"मग?"

"भिवा वरच रवलो."

मला रडू फुटलं. त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. "म्हणून आता मी मोजत नाही. ज्याने त्याने आपला नंबर बोलायचा. आणि सहासाठी थांबायचं."

*

सुभेदार गेले. पंधरा दिवस कोणालाच पार्कात जाववेना. मग एका सकाळी आम्ही पाच जण गेटवर जमलो, तर समोरून वहिनी! सुती साडी, पायात नवे कॅनव्हासचे बूट, हातात सुभेदारांची काठी. काही न बोलता रांगेत माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"एक!" पाटकर सरांनी सुरुवात केली. दोन, तीन, चार झाले. मी "पाच" म्हटलं.

मग आम्ही थांबलो, नेहमीसारखे. धुकं होतं. दयाळ बोलून गेला. वहिनी गप्पच. मला वाटलं, यांना कळलंच नाही, आता सात म्हणायचं. मी कोपराने खुणावणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात दाबून धरला. अजून तेवढाच वेळ गेला.

मग वहिनी मोठ्याने म्हणाल्या, "आठ!"

पाटकर सरांनी काही विचारलं नाही. आम्ही चालायला लागलो, जरा सावकाशच.