बाहेरून ओरडणाऱ्या आईबापांनो

मुलाला फुटबॉलच्या कोचिंगला घालताय? मग आज बालीगंजच्या मैदानावर काय झालं ते आधी वाचा.

बारा वर्षांखालच्या पोरांची मॅच होती. आमचे हे बाहेरून मराठीत ओरडत होते, "आडवा कर त्याला! पायच मोड त्याचा!" कोलकात्यात मराठी कुणाला कळतंय, म्हणून अगदी बिनधास्त.

आमच्या ओमला कळलं. त्याने धावत जाऊन समोरच्या मुलाच्या नडगीवर बूट हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

ते पोर गुरासारखं ओरडत होतं. त्याची आई माझ्यावर धावून आली. "आपके हसबंड क्या चिल्ला रहे थे?"

मी म्हटलं, "संभलके खेलो, बस."

ओम शेजारीच उभा होता. हिंदी त्याला मराठीपेक्षा चांगलं येतं. आता त्याला कुठल्या तोंडाने रागावू, सांगा.