गुंतवळाची पिशवी

"फिमेल पॅटर्न हेअर लॉस," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि भिंग बाजूला ठेवलं. मग माझा चेहरा बघून समजावलं, "भांगाजवळचे केस हळूहळू बारीक होत जातात. जिवाला धोका नाही, पण उपचार लांबचा आहे."

मी एकोणीस वर्षांची होते. लोणावळ्याच्या त्या दवाखान्याबाहेर इतकं धुकं होतं, की समोरच्या दुकानाचा नुसता पिवळा दिवा उरला होता. माझे केसही असेच विरत चाललेत, असं वाटलं.

रक्तातलं लोह आणि थायरॉइड ठीक होतं. मॅडमनी मिनॉक्सिडिल लिहून दिलं. टाळूला लावायचं हे औषध केसांच्या मुळांना वाढीला लावतं. "सुरुवातीला शेडिंग होईल. म्हणजे काही आठवडे केस उलट जास्त गळतील. घाबरून बंद करू नकोस."

मी मान हलवली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे औषधाची चिठ्ठी वाचणारीही मीच. कार्ल्याला घरी आल्यावर आईला औषध कसं लावायचं तेवढं सांगितलं. जास्त गळतील, हे सांगायला जीभ रेटली नाही. तुमच्यावर ही वेळ आली, तर घरच्यांना ते आधी सांगा.

आमच्याकडे विंचरताना निघालेलं गुंतवळ टाकत नाहीत. बोटाभोवती गुंडाळून आई ते खुंटीवरच्या पिशवीत साठवते. केसांवर भांडी देणारी मावशी दारावर आली, की ते घेऊन जाते.

तिसऱ्या आठवड्यात ती पिशवी फुगायला लागली. पहाटे मला एकच स्वप्न पडायचं. मी भाताच्या खाचरात उभी आहे, पाणी स्तब्ध आहे, आणि माझे केस त्यावर तरंगत लांब लांब चाललेत. हाक मारावी, तर त्यांना नावंच नाहीत.

एका सकाळी आईनं पिशवी उचलून हातात तोलली. "हे औशद हाय का इष? आता न्हाई लावायचं." तिनं बाटली माळ्यावर टाकली.

तिसऱ्या दिवशी धीर करून म्हटलं, "आई, मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं. मीच तुला बोलले नाही."

"लय शाणी झालीस. चल, मला त्यांच्या तोंडून ऐकू दे."

दवाखान्यात तिनं पिशवी मांडीवर धरली होती, आत कुणी निजल्यासारखी. नंबर आल्यावर ती थेट मॅडमच्या टेबलावर ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडम हसल्या नाहीत. एक केस काढून त्याचं टोक आईला भिंगातून दाखवलं. "हा पांढरा ठिपका दिसतो का, मावशी? हा टेलोजेन केस, म्हणजे झोपलेला. तो कधीतरी पडणारच होता. औषधानं मूळ जागं झालं, की खालून नवा केस येतो आणि याला ढकलतो."

"म्हंजी खालचा उठला म्हनून वरचा पडला?"

"अगदी तसंच. गुण सगळ्यांना सारखा येत नाही, पण कळायला सहा महिने तरी द्या."

घरी येताच आईनं स्वतः माळ्यावरून बाटली काढली. त्या दिवसापासून औषध तीच लावायची. तिची बोटं टाळूवर फिरत असताना मला पेंग यायची. आत, कातडीखाली, कुणीतरी हळूच कूस बदलतंय असं वाटायचं.

तिसऱ्या महिन्यात गळणं ओसरलं. सहाव्या महिन्यात भांगाच्या कडेला कोवळी लव दिसली. भांग अजून रुंदच आहे, औषधही चालू आहे. पण ते स्वप्न आता पडत नाही.

परवा भांडीवाली मावशी आली. फुगलेली पिशवी ती मागंच घेऊन गेली होती. या वेळची तिनं चाचपली आणि तोंड वाकडं केलं. "अगं बये, एवढंच? मागल्या बारीला केवढं दिलंवतं! ह्यात चमचा बी यायचा न्हाई."

आईनं मला जवळ ओढून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"नको दिऊस चमचा. बाकीचं हितं हाय."