विहाराची पाटी
ऑइलपेंटचा वास आला की मला सुरतच्या आमच्या वस्तीतल्या विहाराची मराठी पाटी आठवते. ती मीच रंगवली होती, मोठ्या हौसेनं. पाटी लागली त्या दिवशी आई खाली उभी राहून एकेक अक्षर लावत वाचू लागली. दिवसभर साड्यांच्या घड्या घालून ती पन्नाशीत लिहा-वाचायला शिकली होती. "चार चुका केल्यास रे," ती म्हणाली. सगळ्यांसमोर मी उसळलो, "मग गुजराती शाळेत कशाला घातलं मला?" "घातलं आम्हीच. पण शाळा सुटून वीस वर्षं झाली. तेव्हापासून तुला कुणी अडवलं होतं?" मी ब्रश तिथेच टाकून निघून आलो. आता आई नाही. पाटी तशीच आहे, कारण ती सुधारायला आधी मला शिकावं लागेल.