‘उलटं फिरवा’

मोरिवलीच्या कारखान्यात मी टेस्टिंगची यंत्रं दुरुस्त करतो. एका पॉवर सप्लायचा नॉब अडखळायला लागला, म्हणून नॉब किती फिरला ते ओळखणारा त्यामागचा एन्कोडर कॅम्प दोनच्या बाजारातून नवा आणून बसवला. तो उलटा चालला: उजवीकडे फिरवलं की व्होल्टेज कमी, डावीकडे फिरवलं की जास्त. त्याच्या कडेच्या दोन वायरींची अदलाबदल केली असती तर भागलं असतं. पण पुन्हा खोलायचा आळस. मी ‘उलटं फिरवा’ अशी चिठ्ठी डकवली आणि वर स्वतःला हुशार समजलो.

टेस्टिंगच्या ताईंनी व्होल्टेज कमी करायला सवयीने नॉब डावीकडे फिरवला. बोर्ड जळाला.

“मराठी वाचता येत नाय का, ताई?” सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला.

ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दादा, माझाच हात चुकला हो.”

मी मान डोलावली. असली निर्लज्ज मान!

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप वायरी बदलल्या, चिठ्ठी फाडली. त्यांना सांगायचं धाडस मात्र झालं नाही. त्या बिचाऱ्यांनी आता आठवणीने नॉब उजवीकडे फिरवला.

सुपरवायझर पुन्हा त्यांच्याकडे निघाला, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. तेही दुसरा बोर्ड जळाल्यावर.