उठायचं तर आपल्या पाळीत

माझ्या धाकट्या दिराला सगळे भिंगरी म्हणतात. शिवणयंत्रं दुरुस्त करतो. हातात कसब आहे, पण बूड एका जागी टिकत नाही. ताटावर बसला की दुसऱ्यांदा वाढेपर्यंत उठून नळाचा वॉशर बघून येतो. दोनदा सोयरीक जुळत आली होती. दोन्ही वेळा बोलणी चालू असताना "आलोच" म्हणून गेला तो गेलाच. आता साठी उलटली, पण फरक नाही.

आयुष्यात तो टिकला एकाच ठिकाणी, स्टेशनरीच्या दुकानामागच्या खोलीत. शनिवारी दुपारी तिथे चौघं पत्ते खेळतात: दुकानदारीणबाई, खेळाचे मास्तर, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि हा. आपले बावन्न पानी पत्ते नव्हेत. राक्षसांची, जनावरांची, योद्ध्यांची चित्रं असलेली पानं विकत घ्यायची, एकमेकांत बदलायची आणि त्यातून साठ पानांचा आपापला कॅट जुळवायचा. ते त्याला डेक म्हणतात. प्रत्येकाला वीस जीव. आपल्या पाळीत कोणावरही हल्ला करावा. शेवटी उरेल तो जिंकला.

भिंगरीचा डेक त्याच्यासारखाच. सगळी धावून अंगावर जाणारी पानं, आणि तीही दर आठवड्याला बदललेली. बसथांब्यावर उभ्या उभ्या चार काढी, चार घाली. पहिल्या फेऱ्यांत तो तिघांना सळो की पळो करून सोडी. मग हातातली पानं संपत आणि ह्याला आपलं दुकान उघडं टाकल्याची आठवण होई. पानं गोळा करून हा चालता होई.

एका शनिवारी हे अंगाशी आलं. डॉक्टरीणबाईंकडे एक अजगर होता. त्याने एखाद्या खेळाडूला गिळलं, म्हणजे बाद केलं, की त्याच पाळीत त्याला आणखी एक, दुप्पट जोराचा हल्ला करता येई. दुकानदारीणबाई आधीच बाद झाल्या होत्या. भिंगरीला गिळायचं आणि लगेच मास्तरांना संपवायचं, असं डॉक्टरीणबाईंनी केव्हापासून जुळवत आणलं होतं. त्यांनी अजगर पुढे सरकवला आणि भिंगरी उठला. सहज गिळता येईल असं कोणी उरलंच नाही, म्हणून तो दुप्पट जोराचा हल्लाही नाही. मास्तर वाचले, पुढे जिंकले, आणि सगळ्यांत जास्त चिडले तेच.

"फुकटची जीत दिलीस मला. रडीचा डाव हा!"

"अहो मास्तर, मी हरतच होतो की."

"मग बसून हरायचं! उठायचं तर आपल्या पाळीत, दुसऱ्याच्या नाही. पुन्हा असा उठलास तर ही खुर्ची दुसऱ्याला."

"माझ्या नणंदेचा जावई केव्हाचा मागे लागलाय," दुकानदारीणबाईंनी काडी टाकली.

तिथून तो थेट माझ्याकडे आला. सांगताना खोलीत येरझाऱ्या चालल्या होत्या.

"वहिनी, पुढच्या शनिवारी तुम्ही चला. मी उठायला लागलो की शर्ट धरा."

"मी काय पोर सांभाळणारी बाई आहे तुझी?"

"तिथे मी गेलो नाही तर फोन येतो, वहिनी. दुसरीकडून कुठून येतो, सांगा."

मी विणकाम पिशवीत घातलं आणि गेले.

"वहिनी लिंबूटिंबू का?" मास्तरांनी विचारलं.

"मी विणायला आलेय. तुमचं चालू द्या."

डाव नेहमीसारखा सुरू झाला. भिंगरीने तिघांना झोडपलं, मग हात रिकामा झाला आणि जीव उरले दोन. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंची पाळी आली. त्या चष्मा कपाळावर चढवून विचार करत बसल्या. ह्याचा गुडघा हलू लागला, त्याबरोबर टेबल, टेबलाबरोबर सगळ्यांची पानं.

"भूकंप थांबव," मास्तर म्हणाले.

तो उठला. मी शर्ट धरला.

"जात नाहीये, नुसता उभा राहतोय," तो कुजबुजला आणि खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मी घाई करू का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नको, सावकाश करा," तो म्हणाला. दाढ काढून घेणारा म्हणतो तसं.

अजगराने दुकानदारीणबाईंना गिळलं, भिंगरीला पुढच्या घासासाठी ठेवलं. दुसरा हल्ला मास्तरांवर गेला, तो त्यांनी कसाबसा अडवला. आता पाळी भिंगरीची. दाराकडून वारा येत होता. तो गेला असता तर अजगराला गिळायला सोपं कोणी उरलं नसतं आणि मास्तर सुटले असते.

"तुझीच पाळी आहे," मास्तर पानांवरून नजर न काढता म्हणाले. "आत्ता गेलास तर नियमात बसतं. खुर्ची राहील तुझी."

डॉक्टरीणबाई चष्मा पुसत राहिल्या. माझ्या सुईवरचा टाका निसटला.

भिंगरीने दाराकडे पाहिलं. मग डेकवरचं पान उचललं. एक धावून जाणारा कुत्रा, पहिल्या फेरीत कामाचा, आता कुचकामी. तो उलटसुलट करून पाहत राहिला.

"इथवर आलं की माझ्या डेकात काहीच नाहीये," तो म्हणाला. "एक पान नाही या वेळेचं."

"ते आम्हाला केव्हापासून माहीत आहे," मास्तर म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगायला तू असतोस कुठे?"

दुकानदारीणबाई हसता हसता टेबलावर वाकल्या. भिंगरीने कुत्रा मांडला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "झाली माझी पाळी."

मास्तरांना काही जमलं नाही. पुढच्या पाळीत अजगराने कुत्र्यासकट भिंगरीला गिळलं आणि मग मास्तरांना. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांत आधी भिंगरीशी हात मिळवला.

"शनिवारी वेळेवर ये," मास्तर पानं पिसत म्हणाले. "आणि गुडघा घरी ठेवून ये."

बसथांब्यावर त्याने साठही पानं बाकावर पसरली. कुत्रे एकामागून एक बाजूला पडू लागले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून मी त्यांवर लोकरीचा गुंडा ठेवला. बाक त्याच्या गुडघ्याबरोबर थरथरत होता. बस आली.

"ही जाऊ द्या, वहिनी," तो मान वर न करता म्हणाला.